हातमाग, गिरणी, यंत्रमाग : मोमीन विणकराचा वर्गप्रवास

मुसलमानांच्या इतिहासाविषयी मराठीत जे लिहिले गेले त्याचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. एका भागात सुलतान, बादशहा, सरदार आणि सूफी संत आहेत. दुसऱ्या भागात फाळणी, दंगली, तलाक आणि आरक्षण आहे. पहिल्या भागातला मुसलमान राज्यकर्ता आहे, दुसऱ्या भागातला मुसलमान ही एक ‘समस्या’ आहे. या दोहोंच्या मधला जो मुसलमान शंभर-दीडशे वर्षे रोज कामावर गेला, कापड विणून घरी आला आणि आठवड्याच्या पगारावर जगला, तो मजूर म्हणून आपल्याला कोठेच भेटत नाही. कामगार चळवळीच्या इतिहासात तरी तो भेटावा, तर तेथे लालबाग-परळ आहे, कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार आहे. मदनपुरा, भिवंडी आणि मालेगाव यांना त्या इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही.

याचा परिणाम असा झाला की आपण स्वतःकडेही केवळ ‘कौम’ म्हणून पाहायला शिकलो. कौमेच्या आत मालक असतात, मजूर असतात आणि त्यांचे हितसंबंध वेगळे असतात, एवढे बोलले तरी ‘समाजात फूट पाडू नका’ असे ऐकावे लागते. वर्गसंघर्ष हा शब्द तर आपल्याकडे नास्तिकांचा शब्द म्हणून बाजूला ठेवला गेला. पण शब्द बाजूला ठेवला म्हणून वस्तुस्थिती बाजूला होत नाही. मोमीन विणकराच्या वाटचालीकडे नीट पाहिले तर दिसते की वर्गाची रेघ आपल्या समाजाच्या बाहेरून जात नाही. ती आपल्या मोहल्ल्यातून, आपल्या घरांमधून, नमाजाच्या एकाच सफेतून जाते. ती न पाहिल्याची किंमत प्रत्येक वळणावर विणकरानेच मोजली आहे.

सूत हातातून गेले

विणकर हा मुळात गिरणीचा मजूर नव्हता, तो कारागीर होता. आझमगढ, मऊ, मुबारकपूर, बनारस, अलाहाबाद या भागांत जुलाहा कुटुंबाचा माग घरातच असे. बायका सूत तयार करीत, पुरुष विणत, मुले हाताखाली राबत. या जगण्याला सुवर्णकाळ म्हणण्याचे कारण नाही. जमीनदार होते, सावकार होते, ‘जुलाहा’ या शब्दाला चिकटलेली तुच्छता होती आणि ती तुच्छता दाखवणाऱ्यांत आपले अश्राफ बंधूही होते. तरीपण माग, हात आणि हुन्नर ही तिन्ही विणकराची स्वतःची होती.

एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे यंत्रावरचे सूत आणि कापड हिंदुस्थानात आले. पहिला घाव चरख्यावर बसला. सूत कातणाऱ्या लाखो बायकांचे काम गेले. त्यानंतर विणकराचा बाजार आक्रसला. हातमाग मात्र नाहीसा झाला नाही. विणकराने गिरणीचे सूत विकत घेऊन विणणे चालू ठेवले. वरवर पाहता हा तडजोडीचा मार्ग होता, पण त्यात एक मोठा बदल दडलेला होता. गिरणीचे सूत घ्यायला रोख पैसा लागतो आणि रोख पैसा व्यापाऱ्याजवळ असतो. सूत व्यापाऱ्याने द्यायचे, कापड व्यापाऱ्याने न्यायचे, विणकराच्या हाती फक्त मजुरी ठेवायची, अशी रीत पडत गेली. माग घरातच राहिला, धंदा मात्र घराबाहेर गेला. विणकर मजूर झाला तो कारखान्यात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी.

१८५७ च्या उठावानंतरची दडपशाही, वारंवार पडणारे दुष्काळ आणि बसलेला धंदा यांमुळे विणकर कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. काही बऱ्हाणपुरात थांबली, काही मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगाव आणि भिवंडीपर्यंत आली, काही थेट मुंबईत मदनपुऱ्यात स्थिरावली. मोसम नदीकाठच्या मालेगावात हातमागावर रंगीत लुगडी विणली जाऊ लागली. खानदेशातल्या आणि वऱ्हाडातल्या शेतकरी बाईच्या अंगावरचे लुगडे मोमीनाच्या मागावरून उतरत होते. मराठी आणि मुसलमान यांच्या नात्याविषयी आपण व्यासपीठांवर पुष्कळ बोलतो. ते नाते तेथे रोज सुताने विणले जात होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

याच काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखी ‘धर्मवेडा जुलाहा’ अशी एक प्रतिमा रूढ झाली. इतिहासकार ज्ञानेंद्र पांडे यांनी या प्रतिमेची चिकित्सा केली आहे. धंदा बुडालेला, कर्जात रुतलेला, प्रतिष्ठेसाठी धडपडणारा माणूस सरकारी कागदात फक्त धर्मवेडा म्हणून उरला. भुकेला धर्माचे नाव देण्याची ही रीत तेव्हापासूनची आहे आणि अजूनही ती गेलेली नाही.

गिरणीतले विणकाम खाते

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत मुंबई ही गिरण्यांची नगरी झाली. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले, सुट्टी ठरलेली नसे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले आणि त्यांच्या प्रयत्नांतून १८९० साली रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या कामाला दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ साली आठवड्याला ६० तास ठरले, १९३४ साली ५४ आणि १९४८ साली ४८. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढे ते पुन्हा लागणार आहेत. यातला एकेक तास कमी होण्यामागे सभा, संप, उपासमार आणि तुरुंग आहेत.

या गिरण्यांत माणूस कामाला लागे तो जॉबरच्या ओळखीने. जॉबर आपल्या गावचा, नात्याचा, जातीचा माणूस आणी. त्यामुळे गिरणीतली खाती जातीजातींची झाली. विणकाम खात्यात पगार बरा होता. तेथे मराठा होते आणि मदनपुऱ्यातले मोमीनही होते. दलित कामगाराला मात्र त्या खात्यात प्रवेश नव्हता. कारण असे सांगितले जाई की धोट्यात नवी कांडी घातल्यावर धाग्याचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागते आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालणार नाही. म्हणून दलित कामगार कमी पगाराच्या सूतकताई खात्यात अडकून पडला.

याबद्दल लिहिताना आपण सवर्ण हिंदूंकडे बोट दाखवून मोकळे होतो. पण विणकाम खात्याचे दार दलितांना बंद असल्याचा फायदा त्या खात्यातल्या प्रत्येकाला मिळत होता, मुसलमान विणकरालाही. इस्लाममध्ये शिवाशिव नाही हे खरे आहे. त्या दारापाशी प्रश्न रोजीचा होता आणि रोजीच्या प्रश्नात माणूस आपले तत्त्व घरी ठेवून येतो. भांडवलशाही जातिभेद मोडून काढील असे ज्यांना वाटत होते त्यांना गिरणीने असे उत्तर दिले. भांडवलाने जात मोडली नाही, तिचा हजेरीपटासारखा वापर केला.

१९२८ साली मालकांनी काम वाढवण्याची योजना आणली. विणकराने दोन साच्यांऐवजी तीन साचे चालवावेत, असे त्यात होते. म्हणजे दोघांचे काम करण्यासाठी जेथे माणसे लागत तेथे काहींना घरी बसवायचे. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. या संपातच गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्षअखेर तिचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले. त्याच वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी युनियनच्या पुढाऱ्यांना रोखठोक प्रश्न विचारला : विणकाम खात्याचे दार आमच्या माणसांना उघडणार की नाही? कामगारांची एकी हवी असेल तर कामगारांतल्या विषमतेबद्दल बोला, असा त्याचा अर्थ होता. दहा वर्षांनी, १९३८ साली, मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन्ही कामगारांच्या शत्रू आहेत असे सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. आपल्या समाजातून असा प्रश्न, असा दुहेरी, विचारला गेला असता तर पुढचे पुष्कळ काही टळले असते.

१९२९ चा धडा

१९२८ च्या संपानंतर काही महिन्यांतच शिवडीच्या तेल कंपन्यांतला संप चालू असताना संपकऱ्यांच्या जागी पठाण मजूर आणले गेले. पठाण मुंबईत सावकारीही करीत. गिरणी कामगाराच्या मनात त्यांच्या व्याजाची आणि दंडुक्याची भीती होती. फेब्रुवारी १९२९ मध्ये पठाण मुले पळवतात अशी अफवा उठली. पठाणांवर हल्ले झाले आणि पाहता पाहता त्याला हिंदू-मुस्लिम दंगलीचे रूप आले. शंभराहून अधिक माणसे मेली. मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी देशभरातल्या कामगार पुढाऱ्यांना अटक झाली. त्या वर्षीचा गिरण्यांतला दुसरा सार्वत्रिक संप अपयशी ठरला.

या प्रकरणात मालकाने माणूस आणला तो ‘पठाण’ म्हणून आणि संपकऱ्यांच्या बाजूच्या जमावाने मारला तोही ‘पठाण’ म्हणून. तो पोटासाठी आलेला मजूर आहे, हे दोन्ही बाजूंना दिसले नाही. मालकाला ते पाहायचेच नव्हते. कामगाराला मात्र ते पाहणे आवश्यक होते. वर्गाची लढाई जमातीच्या वाटेने गेली की ती मालक न लढताच जिंकतो, हा १९२९ चा धडा आहे.

हा धडा जाणणारी माणसे मुस्लिम समाजात नव्हती असे नाही. ‘इन्किलाब जिंदाबाद’ ही घोषणा देशाला देणारे मौलाना हसरत मोहानी १९२५ साली कानपूरच्या पहिल्या कम्युनिस्ट परिषदेचे स्वागताध्यक्ष होते. नमाज, हज आणि मजुराचा हक्क यांत त्यांना विरोध दिसला नाही. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने गाजवली. आपण अमर शेखांची जयंती करतो, पण ‘आपला मुसलमान शाहीर’ म्हणून करतो. ते कोणासाठी गात होते, हा प्रश्न मागे पडतो.

कागदावरचे चार माग

आता मालेगाव-भिवंडीकडे वळू. १९३० च्या दशकात या गावांत वीज आली आणि तिच्यामागून यंत्रमाग आले. ज्यांच्याकडे चार पैसे होते अशा हातमागवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी गिरण्यांनी काढून टाकलेले जुने साचे विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि हा धंदा फोफावला. स्वातंत्र्यानंतर सरकारने हातमागाला वाचवायचे म्हणून गिरण्यांच्या विणकामाच्या वाढीवर बंधने घातली आणि अबकारी कर लावला. छोट्या यंत्रमागवाल्याला, विशेषतः चार मागांपर्यंतच्या, या करातून सूट होती. उद्देश चांगला होता : गरीब विणकराला चार यंत्रमाग घेऊन उभे राहता यावे. प्रत्यक्षात काय झाले हे मागाच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. एका छपराखाली चोवीस माग असत. कागदावर त्यातले चार स्वतःचे, चार बायकोचे, चार भावाचे, चार मेव्हण्याचे होत. कर वाचला आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट साधली. १९४८ चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या जागेत दहा मजूर असल्याशिवाय लागू होत नसे. कागदावर कारखाना तुकड्यातुकड्यांत वाटला की कोणत्याच तुकड्यात दहा मजूर भरत नसत. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत ही मर्यादा दहाची वीस करण्यात आली, म्हणजे जे आडमार्गाने चालत होते त्याला राजमार्ग मिळाला.

कारखाना नाही म्हणजे हजेरीपुस्तक नाही. हजेरीपुस्तक नाही म्हणजे नोकरीचा पुरावा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही, अपघाताची भरपाई नाही. मजुरी मीटरवर मिळते. वीज गेली, बीम संपले, सूत आले नाही, तर तो वेळ मजुराच्या खात्यावर. लग्नासाठी, आजारपणासाठी मालकाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जाता येत नाही. दिवसपाळी बारा तासांची, रात्रपाळी बारा तासांची. जुम्म्याची सुट्टी धरली तर आठवड्याचे ७२ तास होतात. आता वरचे आकडे आठवावेत. ४८ तासांचा कायदा १९४८ चा, ६० तासांचा १९२२ चा. बारा तासांची पाळी १९११ च्या कायद्यातली आहे. आपल्या मोहल्ल्यातला मागवाला मजूर कामाच्या तासांच्या हिशेबाने अजून १९११ सालात उभा आहे.

आणि बाई? चरखा गेल्यावर तिच्या हाती कांड्या आल्या. घरात बसून कांड्या भरायच्या, नगावर पैसे घ्यायचे. हे काम ‘घरकाम’ धरले जाते म्हणून कोणत्याही मोजणीत नीट येत नाही. तिच्या शेजारी बसून मुलेही कांड्या भरतात.

येथे लढे झाले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. मालेगावात समाजवादी विचाराची परंपरा आहे. निहाल अहमद यांच्यासारखा समाजवादी नेता विणकरांच्या मतांवर विधानसभेत गेला आणि पुढे विरोधी पक्षनेता झाला. भिवंडीतही मजुरीच्या दरासाठी संप झाले. पण जेथे मालक शंभर ठिकाणी विखुरलेला, मजूर निम्मा परप्रांतीय आणि नोकरीचा पुरावा शून्य, तेथे संघटना टिकवणे गिरणीपेक्षा कितीतरी अवघड असते. भिवंडीत मालक मोमीन आहेत तसे गुजराती, मारवाडी आणि पद्मशालीही आहेत आणि मजूर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले हिंदू-मुसलमान दोन्ही आहेत. मालेगावात मात्र बहुतेक मालक आणि बहुतेक मजूर एकाच बिरादरीचे. त्यामुळे तेथे संपाची भाषा बोलणे म्हणजे बिरादरीत बंड करणे ठरते.

१९८२ : एका संपाच्या दोन बाजू

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांना कायम करणे या मागण्या होत्याच. शिवाय १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला मान्यता मिळे आणि कामगारांना नको असलेली संघटना त्यांच्या नावाने बोलत राही, तो कायदा बदलावा अशीही मागणी होती. वर्षाहून अधिक काळ कामगारांनी तग धरला. हजारो कुटुंबे गावी परतली. संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा झालीच नाही, पण लढा हरला होता.

तो का हरला याची पुष्कळ कारणे सांगितली जातात. त्यातले एक कारण आपल्या गावांशी निगडित आहे. गिरण्या बंद असताना गिरणीमालकांनी आपले कापड यंत्रमागांवर विणून घेतले आणि आपला शिक्का मारून विकले. लालबागचा भोंगा थांबला तेव्हा भिवंडीच्या रात्रपाळ्या जोरात होत्या. गिरणगावात कित्येकांच्या मनात राहिले की भिवंडीवाल्यांनी संप फोडला.

भिवंडीच्या मजुराने संप फोडला काय? त्याला त्या संपाबद्दल कोणी विचारलेच नव्हते. त्याची युनियन नव्हती, त्याच्या हाती हजेरीचा कागद नव्हता. बीमवर सूत कोणाचे चढले आहे आणि उतरलेल्या कापडावर कोणाचा शिक्का बसणार आहे, हे त्याला कळण्याची सोय नव्हती. एक कामगार पगारासाठी काम थांबवतो आणि तेच काम पन्नास किलोमीटरच्या आत दुसरा कामगार निम्म्या-पाऊण मजुरीत करतो, दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. भांडवलाला दोघांचीही ओळख होती. त्या अनोळखीपणात अंतर फक्त किलोमीटरचे नव्हते. एक ‘मराठी कामगार’ होता आणि दुसरा ‘भिवंडीचा मुसलमान’ होता. १९७० साली भिवंडीत दंगल झाली होती. संपानंतर दोनच वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी आणि मुंबई पुन्हा पेटली. माग जळाले, झोपड्या जळाल्या, माणसे जळाली. गिरणगाव आणि मागाचे गाव यांच्यात एकजुटीचा पूल बांधण्याची वेळ होती तेव्हा तेथे राख पडली.

त्यानंतरचे सर्वांना माहीत आहे. गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ साली नियम झाला की तिचा एकतृतीयांश भाग महापालिकेला, एकतृतीयांश घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ साली तो बदलून फक्त मोकळ्या जमिनीपुरता ठेवला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. चिमण्यांच्या जागी मॉल आले. देशातल्या कापडात गिरण्यांचा वाटा ५ टक्क्यांच्याही खाली गेला. विणकामाचा बोजा यंत्रमागावर आला.

माझ्या वर्गात औद्योगिक क्रांतीचा धडा चालू असताना एका मुलाने विचारले, “सर, आमच्या घरच्या मागावरही अशीच इंग्रजी अक्षरे आहेत, तो पण तिकडचाच काय?” मी जाऊन पाहिला. ओतीव लोखंडाच्या चौकटीवर लँकेशायरच्या एका गावाचे नाव होते. त्याच्या आजोबांनी तो मुंबईच्या बंद पडलेल्या गिरणीच्या भंगारातून आणवला होता. मी बराच वेळ त्या मागाकडे पाहत राहिलो. याच मागावर उभे राहून मुंबईच्या कामगाराने रविवारची सुट्टी मिळवली, आठ तासांचा दिवस मिळवला, बोनस मिळवला. माग ट्रकमध्ये बसून आमच्या गावी आला. त्याच्यावर मिळवलेले हक्क गिरणीच्या फाटकातच राहिले.

एकाच सफेत

आता स्वतःच्या घरात डोकावू. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी देण्याची शिकवण आपण मिंबरावरून ऐकतो. रमजानमध्ये कारखानदार जकात काढतो, अडीच टक्क्यांचा हिशेब चोख करतो आणि पुष्कळदा त्याच्याच मागावरच्या मजुराच्या घरी ती पोचवतो. त्याच्या नियतीबद्दल शंका घेण्याचे मला कारण नाही. पण वर्षभर मीटरमागे दोन पैसे वाढवून द्या म्हटले तर जो नकार देतो, तोच ईदच्या आधी धान्याची पिशवी देतो. जकातीत देणारा मोठा होतो आणि घेणारा लहान. मजुरीच्या दरात दोघे समोरासमोर उभे असतात. म्हणून जकात मिळते आणि दर मिळत नाही. जकात हा गरिबाचा हक्क आहे हे खरेच, पण ती मजुरीच्या ऐवजी नाही, मजुरीच्या नंतर आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. चार-आठ मागांचा मालक हा काही टाटा-बिर्ला नव्हे. कित्येकदा तो स्वतः मागावर उभा राहतो. सुताचा भाव त्याच्या हातात नाही, कापडाचा भाव त्याच्या हातात नाही. व्यापारी सूत देतो, कापड घेतो आणि त्याला विणाईचा दर ठरवून देतो, अगदी जसा एके काळी त्याच्या पणजोबांना देत होता. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा वस्तू व सेवा कर आणि २०२० ची टाळेबंदी यांत असे छोटे मालक मोठ्या संख्येने बुडाले. टाळेबंदीत मुंबई-आग्रा रस्त्याने डोक्यावर बोचके घेऊन मजूर गावाकडे चालत निघाले, त्याच रस्त्याने दीडशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज उलट दिशेने आले होते. भिवंडीत आता कित्येक मागघरांच्या जागी गोदामे आहेत. तेथे ना जॉबर आहे ना सेठ. कालच्या मालकाचा मुलगा आणि कालच्या मजुराचा मुलगा तेथे शेजारी शेजारी उभे राहून खोकी उचलतात आणि दोघांनाही ठेकेदाराचे नाव धड माहीत नसते.

मग या दीडशे वर्षांत काहीच बदलले नाही काय? बदलले. ‘जुलाहा’ ही शिवी होती, त्या समाजाने ‘मोमीन’ आणि ‘अन्सारी’ ही नावे अभिमानाने घेतली. असीम बिहारी आणि अब्दुल कय्यूम अन्सारी यांच्या मोमीन चळवळीने अश्राफांच्या पुढारीपणाला आव्हान दिले आणि मुस्लिम लीगच्या द्विराष्ट्रवादाला विरोध केला. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात मुस्लिम ओबीसी चळवळ उभी राहिली आणि विणकरांच्या मुलांना शिक्षणाच्या वाटा मिळाल्या. मागाच्या गावांतल्या शाळा सरकारच्या पैशावर कमी आणि समाजाच्या वर्गणीवर जास्त उभ्या राहिल्या. त्या वर्गणीत कारखानदाराचा मोठा वाटा आहे हे मान्य केले पाहिजे. माझ्यासारखे अनेक जण त्या शाळांतून शिकले. पण त्याच शाळांतून आठवी-नववीत गळणारा मुलगा त्याच कारखान्यात जातो, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे. प्रतिष्ठेची लढाई आपण बऱ्याच अंशी जिंकलो. मजुरीची लढाई आपण सुरूच केली नाही, कारण ती आपल्याच माणसाशी आहे.

‘समाजात फूट पाडू नका’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे वाटते की फूट पाडतो कोण? बारा तास उभा राहणारा की बाराचे आठ व्हावेत म्हणणारा? १९२८ साली बाबासाहेबांनी विणकाम खात्याच्या दाराचा प्रश्न विचारला तेव्हाही त्यांच्यावर कामगारांची एकी मोडल्याचा आरोप झाला. एकी त्या प्रश्नाने मोडली नव्हती, त्या बंद दाराने मोडली होती.

करायचे काय, तर फार मोठे काही नाही. प्रत्येक मागघरात हजेरीचे पुस्तक असावे. मजुराच्या हातात पगाराची चिठ्ठी असावी. कांड्या भरणाऱ्या बाईच्या कामाला काम म्हणावे. छोट्या मालकाने आणि मजुराने मिळून सुताच्या व्यापाऱ्यासमोर उभे राहावे, कारण तेथे दोघांचे हित एक आहे; आणि मजुरीच्या दरापाशी ते एक नाही हेही मान्य करावे. आपल्या लेखकांनी दंगलीतल्या विणकराइतकाच पगाराच्या दिवशीचा विणकर लिहावा. मागावर आयुष्य काढलेली सत्तरी-ऐंशीची माणसे अजून आहेत. त्यांना उर्दूत, मराठीत, जमेल त्या भाषेत विचारून त्यांचा इतिहास लिहून ठेवावा. ती गेली की तो इतिहास लिहायला कोणी उरणार नाही.

त्या दिवशी प्रश्न विचारणारा मुलगा अधूनमधून पहिल्या तासाला बाकावर डोके ठेवून झोपतो. रात्री वडिलांच्या जागी मागावर उभा राहिलेला असतो. मी त्याला उठवत नाही. पुस्तकात लिहिले आहे की औद्योगिक क्रांतीच्या काळात इंग्लंडमधली लहान मुले कारखान्यात राबत असत. ते वाक्य भूतकाळात शिकवताना माझी जीभ अडखळते.